गायरान, गाव नमुना आणि अर्थशास्त्राचा विद्यार्थी

बी.ए.च्या वर्गात 'संशोधन' हा शब्द उच्चारला की आपली मुले खाली पाहतात. संशोधन पुण्या-मुंबईच्यांनी करायचे, आपण नोट्स पाठ करायच्या! मी तरी काय वेगळा होतो? घरातला पहिला पदवीधर झालो, पण तोवर एकही आकडा स्वतः गोळा केला नव्हता.

नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची 'संशोधनासह ऑनर्स' पदवी आणली आहे. अट अशी, की पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण हवेत. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर घर सांभाळणारा, दिवाळीआधी सोयाबीन काढायला जाणारा मुलगा या अटीत कसा बसणार? प्रश्न हुशारीचा नाही, वेळेचा आहे. म्हणून या एकाच दारावर विसंबू नये. पहिल्या तीन वर्षांतही क्षेत्र-प्रकल्प आहे. 'आविष्कार' या आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धेत पदवीच्या विद्यार्थ्यांचा वेगळा गट असतो. नांदेड-लातूरच्या मुलांना स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठामार्फत तेथे जाता येते.

आणि विषय? बाबासाहेबांनी 1918 साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, ते कसायला भांडवल आणि अवजारे किती यावर ठरते, असे त्यांनी मांडले. हीच कसोटी आपल्या गायरानांना लावून पाहा. भूमिहीन मागासवर्गीयांनी 14 एप्रिल 1990 पर्यंत शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय 1991 चा. तुमच्या गावात किती जणांच्या नावे सातबारा झाला? तलाठ्याकडे गाव नमुना 1-इ, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही असते. ती पाहा; दाखवली नाही तर माहिती अधिकाराखाली अर्ज करा. मग वस्तीत जाऊन वहीतली नावे आणि प्रत्यक्ष कसणारी माणसे ताडून पाहा. ज्यांचा सातबारा झाला त्यांना बैल, बियाणे, बँकेचे कर्ज मिळाले का, हेही विचारा.

प्रश्नावली छापण्याआधी दोन घरी तोंडी विचारून बघावे. 'वार्षिक उत्पन्न किती?' म्हटले की समोरचा गप्प होतो. 'औंदा किती पोती झाली, त्यातली सावकाराकडे किती गेली?' म्हटले की म्हातारी बोटांवर मोजून सगळे सांगते.

एक धोका मात्र आहे. तुम्ही चळवळीतले, घर ओळखीचे. लोक तुम्हाला आवडेल तेच सांगतील. नियमित झालेली जमीन कुणी गावातल्या बड्या शेतकऱ्यालाच बटाईने दिली असेल, तर तेही लिहा, आणि का दिली तेही.