ताप उतरतो, थकवा रेंगाळतो

डेंग्यू, चिकुनगुन्या, फ्लू किंवा कोविडचा ताप बहुतेकांना आठवडा-दहा दिवसांत सोडतो. अशक्तपणा मात्र लगेच हटत नाही. जिना चढताना पाय गळतात, वाचलेले डोक्यात शिरत नाही, रात्रभर झोपूनही सकाळी अंग जड असते. दवाखान्यात दाखल न होता घरीच बरे झालेल्यांनाही हा अनुभव येतो. बहुतेकांचा थकवा काही आठवड्यांत हळूहळू ओसरतो.

विषाणूशी लढताना शरीरातील पेशी सायटोकाइन नावाची रसायने सोडतात. त्यांचा परिणाम मेंदूवर झाला की भूक मरते, अंग दुखते आणि हालचाल नकोशी होते. लढाईसाठी शक्ती राखून ठेवण्याची शरीराची ही रीतच आहे. काहींच्या शरीरात ही अवस्था ताप गेल्यावरही का टिकते, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. त्यात अंथरुणाला खिळल्याने स्नायू झिजतात. निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस झोपवून ठेवलेल्या एका अभ्यासात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस घटलेले आढळले. शिवाय तापात जेवणही तुटलेले असते.

'सगळे मनाचे खेळ आहेत' हे वाक्य अशा माणसाला घरात हमखास ऐकावे लागते. ते चुकीचे आहे. ऑस्ट्रेलियातील डब्बो परिसरात तीन वेगवेगळे संसर्ग झालेल्या 253 रुग्णांचा पाठपुरावा झाला. चिकुनगुन्याच्या विषाणूचा जवळचा नातलग असलेल्या रॉस रिव्हर विषाणूचा संसर्ग त्या तिन्हींपैकी एक होता. सहा महिन्यांनंतरही 12 टक्के रुग्णांचा थकवा टिकून होता. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात थकव्याचा संबंध मूळ आजाराच्या तीव्रतेशी दिसला. स्वभावाशी किंवा पूर्वीच्या मानसिक आजाराशी नाही.

घरच्या उपचारात सर्वांत अवघड काम म्हणजे कामाचा बेत आखणे. बरे वाटले त्या दिवशी साचलेली सगळी कामे उरकायची आणि पुढचे दोन दिवस आडवे पडायचे, हे चक्र अनेक घरांत चालते. घरातली बाई तर तापातून उठते ती थेट ओट्यापाशी. श्रमांचा फटका काहींना त्याच वेळी न बसता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसतो, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. म्हणून काम थकवा येण्याआधीच थांबवावे. अंघोळ स्टुलावर बसून करावी, भाजी बसून चिरावी, जड कामे आठवड्यात विभागावीत. चालणे पाच-दहा मिनिटांपासून सुरू करावे आणि दुसऱ्या दिवशी त्रास झाला नाही, तरच वाढवावे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2021 मध्ये दीर्घकालीन थकव्याच्या आजारासाठी ठरावीक वेगाने व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत बाद केली, त्यामागे रुग्णांचे असेच अनुभवही होते.

'ताकदीची सलाइन' लावून घेण्याची हौस आपल्याकडे मोठी आहे. अर्ध्या लिटरच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. त्यापेक्षा मुगाची खिचडी, वरण-भात, दही, अंडी किंवा उसळ यांतून जास्त मिळते आणि प्रथिनेही पोटात जातात. ज्याला खाता-पिता येते, त्याला सलाइनची गरज सहसा नसते.

थकव्याच्या आड दुसरा आजारही लपलेला असू शकतो. हिमोग्लोबिन, रक्तातील साखर, थायरॉइड, बी-12 तसेच यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या साध्या असून बरेच काही सांगतात. संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर क्षयाची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. छातीत दुखणे, धाप लागणे, चक्कर येऊन पडणे, काळे शौच किंवा ताप उलटणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. यांपैकी काही नसले, तरी सहा आठवड्यांत सुधारणा जाणवत नसेल, तर टॉनिकची पुढची बाटली आणण्याऐवजी फिजिशियनकडून तपासून घ्यावे.