‘टक्’ झाले म्हणजे बॅटरी गेली?

पौषातील रात्र. तीन वाजून गेले होते. इंदूरची थंडी ऐन भरात होती, आणि आमच्या मातोश्रींना एकाएकी श्वास घेणे अवघड होऊ लागले. त्यांना शालीत गुंडाळून आम्ही गाडीत बसविले, किल्ली फिरविली, आणि बॉनेटखालून एकच आवाज आला : ‘टक्’. पुन्हा फिरविली, पुन्हा ‘टक्’. दिवे मंदावले. अखेर शेजाऱ्यांचे दार ठोठावून त्यांच्या गाडीतून दवाखाना गाठावा लागला. मातोश्री बऱ्या झाल्या. पण अंगणातली ती दहा-पंधरा मिनिटे आमच्या घरात कोणी विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. बॉनेट उघडण्यापूर्वीच त्यांनी निकाल दिला, “भैया, बैटरी गई.” नवी बॅटरी बसली, जुनी मोडीत गेली, काही हजार रुपये खर्ची पडले. आठ-दहा दिवस गाडी निमूट चालली, आणि मग महू नाक्याजवळ भर दुपारी पुन्हा तेच ‘टक्’!

या वेळी एक वृद्ध इलेक्ट्रिशियन भेटले. त्यांनी आम्हांस चार-पाच सेकंद सेल्फ मारावयास सांगितला आणि बॅटरीच्या जाड तारांवरून नुसता हात फिरविला. बॅटरीच्या ऋण टोकाकडून गाडीच्या बॉडीकडे जाणाऱ्या तारेचे, म्हणजे अर्थिंगचे, शेवटचे टोक चांगलेच तापले होते. बोल्ट काढला, तर खाली गंजाचा थर. पॉलिश पेपरने तो घासला, बोल्ट आवळला, आणि काम झाले. त्यांनी घेतले ते चहापाण्यापुरते. मोडीत गेलेली आमची जुनी बॅटरी बहुधा निर्दोष होती.

या प्रकारामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. लहान मोटारीचा सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपियर वीज ओढतो. सांध्यातील गंजाने ओहमच्या शंभराव्या भागाइतका जरी अडथळा केला, तरी दीडशे अँपियरला दीड व्होल्ट तेथेच खर्च होतो. याच सांध्यातून दिव्यांसाठी पाच अँपियर गेले, तर नुकसान अवघे ०.०५ व्होल्ट. म्हणून दिवे लखलखतात, हॉर्न वाजतो, आणि सेल्फ मात्र हटून बसतो. सेल्फ मारताच दिवे मंदावतात ते बॅटरी अशक्त असतानाही आणि सांधा गंजलेला असतानाही. नुसत्या डोळ्यांनी निदान चुकते ते येथेच. नवी, दमदार बॅटरी तो अडथळा काही दिवस रेटून नेते, आणि आपली समजूत होते की दुखणे गेले.

यावर उपाय म्हणजे मल्टिमीटर. साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो, आणि आमच्या मते ज्या घरी गाडी आहे त्या घरी तो पान्याइतकाच आवश्यक आहे. तो डी.सी. २० व्होल्टवर ठेवावा. तांबडी तार ‘१० ए’ लिहिलेल्या भोकात मात्र चुकूनही घालू नये. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर रिकामीच समजावी. नंतर गिअर न्यूट्रलमध्ये घालून, हँडब्रेक ओढून, घरातल्या कोणाला तरी सेल्फ मारावयास सांगावे. भरलेल्या बॅटरीचा आकडा त्या क्षणी ९.६ च्याही खाली कोसळला, तर दोष बॅटरीचा. मात्र खुंट्यांवर अकरा-बारा व्होल्ट टिकून राहिले आणि तरी इंजिन हलले नाही, तर बॅटरीला दोष देऊ नये. मग मीटरची एक सुई ऋण खुंटीच्या शिशावर (क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून पुन्हा सेल्फ मारावा. येथे ०.२ च्या आत आकडा असला तर अर्थिंग ठीक. अर्धा व्होल्ट किंवा अधिक आला तर चोर सापडला. तो न सापडल्यास धन बाजूचे सांधे आणि खुद्द सेल्फ यांची पाळी.

इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावयास हवेत. ते न दिसल्यास अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा. अलीकडच्या काही गाड्यांत संगणक हा आकडा स्वतःच खालीवर करतो, हे ध्यानी असू द्यावे.

सांधे साफ करताना घाई नको. प्रथम ऋण तार काढावी, आणि जोडताना तीच सर्वांत शेवटी. एरवी पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो. डोळ्यांवर चष्मा असावा, विडी-काडी लांब असावी. पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते. ते पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नये. सांधा आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिनचा हात द्यावा. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून हे उद्योग करू नयेत. त्या धुरातील विषारी वायूला वास नसतो. एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्या आणि हायब्रिड गाड्यांतील नारिंगी तारा यांच्या वाटेला तर जाऊच नये.

आमच्याकडे आता दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालण्यापूर्वी मीटर बाहेर निघतो. मातोश्री ओट्यावर बसून आकडा विचारतात आणि हिशेबाच्या वहीत तो स्वतः लिहितात. गेल्या खेपेस अर्थिंगवर ०.०८ आला होता.