उतारा आणि पुस्तक
(अकरावी-बारावीतील नाटक व कादंबरीच्या अभ्यासाविषयी)

महाराष्ट्र राज्य मंडळाची अकरावीची नवी पाठ्यपुस्तके २०१९ साली आणि बारावीची २०२० साली आली. त्या वेळच्या ज्या पालकांनी ही पुस्तके उघडून पाहिली असतील, त्यांना भाषेच्या पुस्तकांत एकेका साहित्यप्रकाराला दिलेला स्वतंत्र विभाग दिसला असेल. अकरावीच्या मराठी युवकभारतीत हा प्रकार आहे नाटक. तेथे ‘हसवाफसवी’, ‘ध्यानीमनी’ आणि ‘सुंदर मी होणार’ यांतील वेचे आहेत. अकरावीच्या इंग्रजीतही नाटकच असून शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’बरोबर इब्सेनचे ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’ आहे. बारावीला मराठीत कथा, तर इंग्रजीत कादंबरी येते: ब्रेथवेटची ‘टू सर, विथ लव्ह’, ज्यूल्स व्हर्नची ऐंशी दिवसांतील जगप्रदक्षिणा आणि कॉनन डॉयलची शेरलॉक होम्सकथा ‘द साइन ऑफ फोर’. म्हणजे आपल्या मुलामुलींची कादंबरी या साहित्यप्रकाराशी बारावीतील अभ्यासाची गाठ पडते ती परक्या भाषेत, आणि तीही काही पानांच्या उताऱ्यातून.

उताऱ्यांविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. पाठ्यपुस्तकात अख्खी कादंबरी मावणार नाही. अडचण पुढची आहे. उताऱ्यावर प्रश्न येतात, प्रश्नांची उत्तरे गाईडमध्ये तयार असतात, आणि विषय, पात्रे, कथानक, वातावरण या ठरलेल्या रकान्यांत चार-सहा ओळी लिहिल्या की गुण मिळतात. ज्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, तेथील मुलाला उतारा हे निमंत्रण वाटू शकते. आपल्या वसतिगृहात येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरी असे कपाट नसते. त्यांच्यासाठी हा उताराच कादंबरीची पहिली भेट असतो आणि बहुधा शेवटचीही. म्हणून संपूर्ण कलाकृती वाचल्याने नेमके काय हाती लागते, हे थोडे तपशिलाने सांगावेसे वाटते.

प्रथम नाटक. नाटक हे वाचण्यासाठी छापलेले असले तरी ते घडते कानांवर आणि डोळ्यांसमोर. प्रशांत दळवी यांच्या ‘ध्यानीमनी’त मोहित नावाच्या मुलाविषयी सतत बोलले जाते. त्याचे जेवण, त्याचा अभ्यास, त्याचे हट्ट. तो रंगमंचावर मात्र येत नाही. प्रेक्षक बराच वेळ निश्चिंत असतो. आई बोलते आहे म्हणजे मुलगा आतल्या खोलीत असणारच. ती निश्चिंती हळूहळू कशी ढासळते यातच त्या नाटकाचा प्राण आहे. गाईडच्या सारांशात मात्र पहिल्या दोन ओळींतच रहस्य फोडलेले असते, आणि मग मूल नाटक न वाचता त्याची बातमी वाचते. (ज्यांनी हे नाटक पाहिले वा वाचले नाही, त्यांच्यासाठी मीही येथे अधिक सांगत नाही.) नाटकाचा सारांश नाटकाच्या आधी वाचू नये, हा नियम एवढ्यासाठी.

इब्सेनच्या नाटकाचे उदाहरण याहून विचार करायला लावणारे आहे. १८८२ साली नॉर्वेच्या या नाटककाराने लिहिलेल्या पाच अंकांत एका गावाची गोष्ट आहे. गावाची भरभराट आरोग्यस्नानगृहांवर अवलंबून आहे. तेथील वैद्यकीय अधिकारी डॉ. स्टॉकमन यांना आढळते की, कातडी कमावण्याच्या कारखान्यांतील घाण स्नानगृहांच्या पाण्यात मिसळते आहे. त्यांतील एक कारखाना खुद्द त्यांच्या सासऱ्याचा, आणि गावचा महापौर त्यांचा सख्खा भाऊ. दुरुस्तीचा खर्च आणि बंद राहणारा धंदा यांचा हिशेब पुढे येताच वर्तमानपत्राचा संपादक, छापखान्याचा मालक, घरमालक मंडळी, सारे एकेक करून डॉक्टरांपासून दूर होतात. सत्यजित राय यांनी १९८९ मध्ये ‘गणशत्रू’ या चित्रपटात हेच कथानक बंगालमध्ये आणले आणि दूषित पाण्याच्या जागी देवळाचे चरणामृत ठेवले. तसे केल्यावर भारतीय प्रेक्षकाला वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही.

गाईडमधील उत्तर असे असते: डॉ. स्टॉकमन हे निर्भय, सत्यनिष्ठ व एकाकी झुंज देणारे पात्र आहे. उत्तर चूक नाही. परंतु चौथा अंक पूर्ण वाचावा. डॉक्टरांनी बोलावलेल्या जाहीर सभेत आधी अध्यक्ष निवडण्याचा ठराव येतो, मग स्नानगृहांच्या प्रश्नावर बोलूच देऊ नये असा ठराव येतो. सगळे रीतसर. सभेच्या शिस्तीचा उपयोग तोंड बंद करण्यासाठी कसा होतो, हे ज्यांनी ग्रामसभा पाहिल्या आहेत त्यांना ओळखीचे वाटेल. शेवटी सभा डॉक्टरांना लोकशत्रू ठरवते आणि विरुद्ध मत पडते ते एका दारुड्याचे.

आणि याच अंकात सत्यनिष्ठ डॉक्टर असे काही बोलतात की, आपल्यासारख्या वाचकाने थबकलेच पाहिजे. रागाच्या भरात ते बहुसंख्य लोकांची तुलना रस्त्यावरच्या गावठी कुत्र्याशी करतात आणि पिढ्यान्‌पिढ्या चांगल्या घरात वाढलेल्या जातिवंत कुत्र्याची बुद्धी निराळीच असते, असा दाखला देतात. माणसांचे वाण मानण्याचा हा विचार आपल्या समाजाने कोणत्या स्वरूपात भोगला, हे वेगळे सांगायला नको. पुढे डॉक्टर म्हणतात की हलकेपणा वरच्या थरांतही असतो आणि थेट आपल्या भावाकडे बोट दाखवतात. पण त्यामुळे आधीचा दाखला पुसला जातो का? सत्य सांगणारा माणूस सत्य सांगत असतानाच चुकीचे आणि उद्दामही बोलू शकतो का? इब्सेनने याचे उत्तर दिलेले नाही. हा प्रश्न ज्या विद्यार्थ्याला पडला त्याचा साहित्याचा अभ्यास सुरू झाला, असे मी मानतो. चार ओळींच्या स्वभावचित्रात त्याला जागा नसते.

कादंबरीची गोष्ट वेगळी. नाटक एका बैठकीत संपते. कादंबरी आपल्याबरोबर दिवसेंदिवस राहते आणि मागच्या पानांवरचे पुढच्या पानांवर कामाला लावते. ‘टू सर, विथ लव्ह’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. ई. आर. ब्रेथवेट हे तेव्हाच्या ब्रिटिश गयानात जन्मलेले कृष्णवर्णीय गृहस्थ. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटनच्या हवाई दलात होते, शिक्षणाने अभियंते. स्वतःच्या अनुभवावर बेतलेली ही कहाणी सारांशात अशी दिसते: उनाड वर्ग, धीराचा शिक्षक, शेवटी मुलांचे प्रेम. शिक्षकदिनाच्या भाषणाला अगदी योग्य!

पूर्ण पुस्तकाची सुरुवात मात्र लंडनच्या बसमध्ये होते. कष्टकरी बायका मोकळेपणाने थट्टामस्करी करीत आहेत. नंतर चढलेली एक नीटनेटकी स्त्री निवेदकाशेजारची रिकामी जागा दिसत असूनही बसत नाही, उभी राहते. पुढे नोकरीसाठीच्या मुलाखती येतात. कागदावर पात्र ठरलेला उमेदवार समोर उभा राहताच जागा उरत नाही. शिक्षकी पेशा त्याने ध्येयाने निवडलेला नाही. इतर दारे बंद झाल्यावर तो त्याकडे वळला आहे. आणि उत्तरार्धात, वर्ग त्याच्यावर जीव टाकू लागल्यानंतर, वर्गातल्याच सील्स या मिश्रवंशीय मुलाची आई वारते. मुले पुष्पचक्रासाठी वर्गणी जमवतात, पण ते त्या घरी नेऊन द्यायला धजावत नाहीत. काळ्यांच्या घरी जाताना कोणी पाहिले तर लोक काय म्हणतील! आवडत्या गुरुजींचा आदर आणि शेजारच्या घराचा विटाळ एकाच मनात सुखाने नांदतात. अंत्ययात्रेच्या दिवशी काय होते ते पुस्तकातच वाचावे. एवढे खरे की, बसमधली ती रिकामी जागा ज्याने वाचली आहे त्यालाच या प्रसंगाचे वजन कळते.

मराठीतही हेच. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) बंडाची आणि धान्यलुटीची गोष्ट म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे; परंतु आरंभी जोगणीसाठी फकिराचा बाप राणोजी जीव गमावतो ती प्रकरणे वगळली, तर उरते केवळ साहसकथा. बारावीच्या इंग्रजी कादंबरीबरोबर ही एक मराठी कादंबरी मुलांनी वाचावी, असा माझा आग्रह असतो.

वेळ कोठून आणायचा, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. येथे निवासी शाळेची सोय कामी येते. रात्रीच्या अभ्यासवेळेतली शेवटची वीस मिनिटे, पुस्तकाची एकच प्रत, एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. इंग्रजी अडले तर मराठीत बोलून पुढे जायचे; प्रत्येक शब्दासाठी शब्दकोश उघडला की कथा मरते. एका सत्रात एक कादंबरी आरामात होते. नाटकासाठी भूमिका वाटून घ्याव्यात. इब्सेनच्या सभेत नावापुरतीही भूमिका न मिळालेल्यांना गर्दी करावे आणि ओरडू द्यावे, कारण तेथे गर्दी हेही पात्रच आहे. गाईड परीक्षेच्या महिन्यात उघडायला हरकत नाही. पुस्तक वाचलेल्या मुलाला ते पटकन उलगडते आणि त्यात काय राहून गेले तेही त्याला दिसते.

माजी विद्यार्थी ग्रंथालयाला भेट देऊ इच्छितात तेव्हा बहुधा स्पर्धापरीक्षांची पुस्तके पाठवतात. ती हवीतच. त्यांच्याबरोबर या नाटकांच्या आणि कादंबऱ्यांच्या संपूर्ण प्रती, प्रत्येकी दोन-तीन, आल्या तर त्या कपाटात फार दिवस राहणार नाहीत. ज्या पालकांना स्वतः वाचता येत नाही, त्यांनी सुट्टीत घरी आलेल्या मुलीला एवढेच विचारावे की, त्या सील्सच्या घरी शेवटी कोण गेले.