जिन्यावरची खुर्ची

पायऱ्यांच्या कडेने एक रूळ, त्यावर सरकणारी खुर्ची आणि खुर्चीखालच्या डब्यात एक छोटी मोटर, एवढ्यावर स्टेअर लिफ्ट चालते. रूळ सहसा भिंतीत बसवत नाहीत. तो छोट्या पायांवर पायऱ्यांनाच बोल्टने जखडतात. रुळाच्या अंगाला दातेरी पट्टी असते. मोटरचे दातेरी चाक त्या पट्टीत अडकून खुर्ची वर नेते आणि उतरताना तेच तिला धरून ठेवते. मोटर चालते बॅटरीवर, बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर. खुर्ची रुळाच्या टोकाशी उभी असली की तिथे त्या चार्ज होत राहतात, म्हणून घरातली वीज गेली तरी काही फेऱ्या होतात. इन्व्हर्टरची गरज नसते. मधल्याच पायरीवर खुर्ची सोडून दिली तर मात्र बॅटरी उतरत जाते, आणि ही चूक घरातली माणसे फार वेळा करतात.

वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो. युरोपच्या ईएन ८१-४० या मानकाने तो सेकंदाला १५ सेंटिमीटरपर्यंत बांधून दिला आहे. तीन मीटर उंचीचा मजला, १७ सेंटिमीटरच्या आसपास चढाची पायरी आणि २५ सेंटिमीटरचे पाऊल धरले तर सरळ जिन्याची तिरकी लांबी सव्वापाच मीटरच्या घरात जाते. म्हणजे एका मजल्याला पस्तीस सेकंदांपासून जवळजवळ मिनिटापर्यंत वेळ लागतो. तेवढा वेळ माणसाला पाठ टेकून स्थिर बसता आले पाहिजे आणि हाताशी असलेले बटण किंवा दांडी दाबून धरता आली पाहिजे. बोट सुटले की खुर्ची थांबते. निवडीची पहिली चाळणी हीच. पण विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ती शेवटच्या पानावर सापडते.

हे यंत्र अमेरिकेत १९२०च्या दशकात बाजारात आले आणि पुढे ब्रिटनमध्ये घरोघरी पोचले. ब्रिटनमधल्या एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांत जिना बहुधा एका भिंतीला लागून सरळ वर जातो. सरळ अ‍ॅल्युमिनियमचा रूळ हव्या त्या लांबीला कापून तिथे काही तासांत बसवता येतो. पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर इथल्या बंगल्यांचे आणि रो-हाउसांचे जिने असे क्वचितच असतात. आठ-नऊ पायऱ्या, मग लँडिंग, तिथून उलट फिरून पुन्हा आठ-नऊ पायऱ्या, हा आपला नेहमीचा जिना. जागा वाचवण्यासाठी कित्येक ठिकाणी लँडिंगच गाळून वळणावर तिकोनी पायऱ्या काढलेल्या असतात, आणि तिथे आतल्या बाजूला पाऊल ठेवायला चार बोटांचीही जागा उरत नाही.

अशा जिन्याला दोन मार्ग आहेत. एक, वळणाचा रूळ. तो पोलादी नळीचा, त्या एका जिन्यासाठीच वाकवून केलेला असतो. त्यासाठी मोजणीला येणारा माणूस पायऱ्यांवर खुणेच्या चिकटपट्ट्या लावतो, जिन्याचे वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेतो आणि त्यावरून संगणकावर जिन्याचा आराखडा उभा करतो. काही जण अजून टेप, ओळंबा आणि कोनमापकावर विसंबतात. मोजणीत दोन-तीन सेंटिमीटरची चूक झाली तरी रूळ बसत नाही, आणि चुकलेला रूळ दुरुस्त करायचा म्हणजे कारखान्यात परत पाठवायचा. म्हणून फरशी बदलायची असेल, कठडा हलवायचा असेल, तर ते काम मोजणीच्या आधी उरकलेले बरे. दुसरा मार्ग दोन सरळ रूळ आणि दोन खुर्च्यांचा: लँडिंगवर एकीवरून उठून दुसरीवर बसायचे. वळणाचा रूळ सरळ रुळापेक्षा फार महाग पडतो, त्यामुळे हा हिशेब कागदावर मोहक दिसतो. ज्याला मुळात उठणे-बसणेच जड जाते त्याला दर खेपेला एक जास्तीचे उठणे-बसणे देणारी ही सोय आहे, हे मात्र त्या हिशेबात येत नाही. काठी घेऊन दहा पावले चालणाऱ्याला ती चालते, वॉकरवाल्याला नाही.

रुंदीचा प्रश्न रो-हाउसमध्ये सर्वांत बिकट. राष्ट्रीय इमारत संहिता निवासी जिन्याला एक मीटर रुंदी मागते, पण दोन मजली रो-हाउससाठी ७५ सेंटिमीटरवर भागवून घेते. खुर्ची जिन्याला आडवी असते. माणूस भिंतीकडे पाठ करून बसतो आणि त्याचे गुडघे कठड्याकडे येतात. तेव्हा नुसता जिना मोजून भागत नाही, माणूसही मोजावा लागतो. घरातल्या साध्या खुर्चीवर त्याला पाठ टेकवून बसवायचे, पाठीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंतचे अंतर घ्यायचे आणि रूळ व खुर्चीच्या पाठीने खाल्लेली जागा त्यात मिळवायची. उंच माणसाचे गुडघे ७५ सेंटिमीटरच्या जिन्यात कठड्याला घासतात. गुडघा पुरता वाकतच नसेल तर पाय आणखी पुढे येतो. त्याच्यासाठी अर्धवट टेकून उभे राहण्याची, उंच आणि आखूड बैठकीची खुर्ची मिळते. तिच्यावर डोके वर जाते, म्हणून वरच्या स्लॅबचा बीम कुठे आडवा येतो हेही पाहावे लागते. खुर्ची घडी करून ठेवल्यावर घरातल्या इतरांना बाजूने चढता आले पाहिजे; घडीची खुर्चीसुद्धा तीसेक सेंटिमीटर जागा अडवते.

खरी परीक्षा मात्र रुळाच्या दोन टोकांना असते. मधला प्रवास यंत्र करते, चढणे-उतरणे माणसाला करावे लागते. खालच्या टोकाला रूळ शेवटच्या पायरीच्या थोडा पुढे येतो आणि आपल्याकडे नेमके तिथे दिवाणखान्याचे किंवा न्हाणीघराचे दार असते. त्यावर उचलून दुमडणारा रूळ हा उपाय आहे. वळणाच्या रुळात तर टोक कोपऱ्याआड वळवून खुर्ची वाटेबाहेर उभी करता येते. वरचे टोक जास्त धोक्याचे. तिथे खुर्ची जिन्याकडून मजल्याकडे फिरली पाहिजे, म्हणजे माणूस उठतो तेव्हा पाय सपाट जमिनीवर असतात आणि पायऱ्या पाठीमागे, खुर्चीच्या आड राहतात. काही खुर्च्या हाताने खटका ओढून फिरवायच्या असतात, काही मोटरवर फिरतात. संधिवाताने बोटे आखडली असतील तर तो खटका ओढला जात नाही. मग माणूस खुर्ची न फिरवता अंग वळवून उतरायला बघतो, आणि पडण्याचा धोका नेमका तिथे असतो. खर्चात काटछाट करायचीच झाली तर ती रंगात, कापडात, रिमोटच्या संख्येत करावी; मोटरवर फिरणारी बैठक वगळू नये.

आजार कोणता आहे त्यावर बाकीचे ठरते. अर्धांगवायू झालेल्याचे बटण चांगल्या हाताच्या बाजूला लागते, आणि रूळ डाव्या भिंतीला की उजव्या हाही त्याच हिशेबाचा भाग होतो. पार्किन्सन्समध्ये बटण सलग दाबून धरणे कठीण जाते. तिथे सोबतच्या माणसाने रिमोटवर खुर्ची चालवण्याची सोय हवी. स्मृतिभ्रंश असेल तर चालत्या खुर्चीवरून मध्येच उठण्याची भीती असते आणि पट्टा असूनही ही भीती पुरती जात नाही. व्हीलचेअरवरच्या माणसाला खाली एक आणि वर एक अशा दोन व्हीलचेअर लागतात, शिवाय दोन्हीकडे उचलून बसवणारे कोणीतरी. त्याच्यासाठी छोटी होम लिफ्ट किंवा व्हीलचेअरसकट नेणारा प्लॅटफॉर्म जास्त उपयोगी, जागा आणि स्लॅब कापण्याची मुभा असेल तर. आजार वाढता असेल तर आजची नव्हे, दोन-तीन वर्षांनंतरची अवस्था डोळ्यांसमोर ठेवावी. व्यवसायोपचार तज्ज्ञाने एकदा घरी येऊन उठणे-बसणे पाहिले तर यातले बरेचसे अर्ध्या तासात कळते. कधी कधी उत्तर इतकेच निघते, की खालच्या मजल्यावर न्हाणीघर काढा आणि पलंग खाली आणा. विक्रेता हे सांगणार नाही.

सुरक्षेचे भाग बहुतेक खुर्च्यांत सारखे असतात: पायपाटाच्या कडांना काही टेकले की थांबणे, कमरेचा पट्टा, वेग वाढल्यास पकडणारी यंत्रणा, मुलांनी खेळू नये म्हणून किल्ली. आपल्याकडे त्यात पदर, ओढणी आणि धोतराचा सोगा यांची भर घालावी लागते. उघड्या दातेरी पट्टीला वंगण असते. लोंबता पदर तिथे आधी काळा होतो आणि नंतर अडकतो. पट्टी झाकलेली किंवा रुळाच्या खालच्या अंगाला असलेली बनावट अशा घरात पसंत करावी.

बसवणे हे काम पायरीच्या पोटात काय आहे यावर अवलंबून असते. काँक्रीटच्या जिन्यावर कोटा, कडप्पा किंवा ग्रॅनाइट बसवलेले असते आणि दगडाखाली मिस्त्रीने माल कमी भरला असेल तर पोकळी राहते. ठोकल्यावर पोकळ वाजणाऱ्या पायरीत भोक पाडले की फरशी तडकते, आणि बोल्टही नुसत्या फरशीत राहतो, काँक्रीटपर्यंत पोचत नाही. म्हणून प्रत्येक पायरी आधी ठोकून पाहायची. जुन्या वाड्यातल्या भिंतीच्या पोटातल्या चिंचोळ्या जिन्याला आणि कोकणातल्या घरांतल्या उभ्या दादराला ही खुर्ची लागू पडत नाही. चढ फार आणि रुंदी अपुरी. घराबाहेरच्या जिन्यासाठी वेगळी, पाणी सोसणारी बनावट मिळते, पण किनारपट्टीच्या खाऱ्या दमट हवेत तिच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली सोसायट्यांमध्ये गरज सर्वांत मोठी आणि अडचणही सर्वांत मोठी असते. डायलिसिसला जाणाऱ्या माणसाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघे-तिघे उचलून उतरवतात, हे दृश्य मुंबई-पुण्यात नवे नाही. पण तिथला जिना सर्वांचा, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा एकुलता एक मार्ग. रुळाने त्याची रुंदी घटते, त्यामुळे सर्वसाधारण सभेची संमती आणि रुंदीचा नीट हिशेब दोन्ही लागतात. तीन मजल्यांचा वळणाचा रूळ खर्चात इतका वर जातो की कित्येक सोसायट्यांना इमारतीबाहेर नवी लिफ्ट उभारणे जास्त पटते.

पैसे देण्याआधी ज्याच्यासाठी खुर्ची घ्यायची त्याने ती चालवून पाहावी, मुलाने किंवा सुनेने नव्हे. दुरुस्तीचा माणूस त्याच शहरात आहे का, सुटे भाग किती दिवसांत येतात, वार्षिक देखभालीच्या करारात बॅटरी धरली आहे का, हे लेखी घ्यावे. बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्याच लागतात. खुर्ची काढायची वेळ आली तर सरळ रूळ कापून दुसऱ्या जिन्याला वापरता येतो, म्हणून अशा वापरलेल्या खुर्चीला गिऱ्हाईक मिळू शकते. वळणाचा रूळ मात्र दुसऱ्या कुठल्या घराला सहसा बसत नाही आणि भंगाराच्या भावाने जातो. विक्रेता परत घेणार असेल तर ती किंमत खरेदीच्या कागदावरच लिहून घ्यावी.