दोन समुद्रांना पाणी देणारा जिल्हा

कौलारू घराच्या छपराला मधोमध आढे असते. पाऊस पडू लागला म्हणजे आढ्याच्या एका बाजूचे पाणी पुढील अंगणात उतरते व दुसऱ्या बाजूचे परसात जाते. दोन थेंब वीतभर अंतरावर पडले, तरी त्यांच्या वाटा कायमच्या निराळ्या होतात. विदर्भाच्या नकाशातही असेच एक आढे आहे. ते म्हणजे वाशीम जिल्हा होय.

वाशीमच्या उत्तरेस अकोला, ईशान्येस अमरावती, पूर्वेस यवतमाळ, दक्षिणेस हिंगोली आणि पश्चिमेस बुलढाणा हे जिल्हे आहेत. अजिंठ्याच्या डोंगरांचे फाटे या प्रदेशातून गेलेले आहेत. अकोल्याहून वाशीमकडे निघालेल्या वाटसरूस पातूरच्या पुढे घाट चढावा लागतो. घाटाच्या माथ्यावर आले की उंचसखल पठार लागते. वाशीम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. अकोला शहर त्याच्या जवळजवळ निम्म्या उंचीवर वसलेले आहे.

या पठारावर पडणारे पाणी दोन दिशांना वाहते. काटेपूर्णा नदी येथे उगम पावून उत्तरेस अकोला जिल्ह्यात उतरते आणि पूर्णेस मिळते. पूर्णा तापीस मिळते व तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात जाते. अरुणावती, अडाण आणि पूस या नद्या मात्र पूर्वेकडची वाट धरतात. त्यांचे पाणी पैनगंगेस पोहोचते. पैनगंगा स्वतः या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहत जाते. तिचे पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी या नद्यांतून शेवटी बंगालच्या उपसागरास मिळते. ज्या उंच भूमीमुळे पाण्याचे असे दोन भाग होतात, तिला 'जलविभाजक' असे म्हणतात.

दोन समुद्रांना पाणी पुरविणे हे मोठे भूषण वाटेल; परंतु त्या भूषणाची किंमत येथील माणसांस मोजावी लागते. आढ्यावर पाणी साचत नाही. नदी उगमापाशी लहान असते आणि दूर जाईल तसतशी मोठी होते. त्यामुळे येथील नद्यांवरील मोठी धरणे शेजारच्या प्रदेशात बांधली गेली. काटेपूर्णेचे पाणी अकोला जिल्ह्यात महान येथे अडविले असून अकोला शहर ते पिते. अरुणावतीचे धरण यवतमाळ जिल्ह्यात दिग्रसजवळ आहे. पैनगंगेवरील इसापूरचे धरणही या जिल्ह्याच्या सीमेपलीकडेच आहे. शेजाऱ्यांस हे पाणी मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ज्या गावांच्या शिवारातून ते निघते, त्या गावांच्या विहिरी उन्हाळ्यात अनेकदा तळ गाठतात.

विहिरी आटण्याचे कारण जमिनीच्या पोटात आहे. हा सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा रस थरावर थर पसरून हा दगड तयार झाला. वाळूत पाणी जसे मुरते, तसे ते या घट्ट दगडात मुरत नाही. वरच्या झिजलेल्या मुरमात आणि दगडांच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी साठते. पाऊस थांबल्यावर काही महिन्यांतच हा साठा संपत जातो.

जमिनीचा मगदूरही सर्वत्र सारखा नाही. नद्यांच्या काठी खोल, काळी व कसदार माती आढळते. डोंगरउतारावर मातीचा थर पातळ असून खाली लगेच मुरूम लागतो. बहुतेक शेती पावसावर अवलंबून आहे. पूर्वी ज्वारी व कापूस ही येथील मुख्य पिके होती. गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीनने त्यांची बरीचशी जागा घेतली. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत हाती येते, म्हणून एका पावसाळ्यात ते निघून जाते. त्याच्या ओळींमध्ये शेतकरी तूर पेरतात. तुरीची मुळे खोल जातात आणि पाऊस संपल्यावरही जमिनीतील ओल शोधून ती उभी राहते. जेथे विहिरीस पाणी टिकते, तेथे हिवाळ्यात गहू व हरभरा होतो.

अशा या भूमीवर किती माणसे राहतात? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० भरली. त्यानंतरची गणना २०२१ साली व्हावयाची होती, ती त्या वर्षी होऊ शकली नाही. २०११ मध्ये दर चौरस किलोमीटरास सरासरी २४४ माणसे राहत होती. महाराष्ट्राची सरासरी त्या वेळी ३६५ होती. महाराष्ट्रात तेव्हा शंभरांपैकी ४५ माणसे शहरांत राहत होती. वाशीम जिल्ह्यात मात्र शंभरांपैकी ८२ माणसे खेड्यांत राहत होती. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर व रिसोड ही येथील प्रमुख शहरे. मालेगाव व मानोरा धरून जिल्ह्याचे सहा तालुके होतात. बाकीची वस्ती शेकडो लहान गावांत विखुरलेली आहे. थोडे पाणी आणि थोडी सुपीक जमीन जेथे एकत्र मिळाली, तेथे गाव वसले. म्हणून गावे पुष्कळ आहेत, पण मोठी गावे थोडी आहेत.

गावांच्या जोडीने येथे बंजारा समाजाचे तांडेही आहेत. हे लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर व्यापार करीत. आगगाडी आल्यावर हा व्यवसाय मागे पडला आणि पुष्कळ तांडे स्थिर होऊन शेती करू लागले. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थस्थान असून तेथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे.

कारभाराच्या दृष्टीने हा जिल्हा नवा आहे आणि जुनाही आहे. इंग्रजी अमलात १८७५ ते १९०५ या काळात वाशीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. पुढे तो मोडून त्याचे तालुके शेजारच्या जिल्ह्यांस जोडण्यात आले. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम पुन्हा जिल्हा झाला. वाशीम गाव तर याहूनही फार प्राचीन आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी येथे होती. त्या काळी या नगरास 'वत्सगुल्म' म्हणत.

आढ्यावरच्या या भूमीत राजधानी कशी नांदली असेल? जुन्या वस्त्यांकडे पाहिले, तर पाण्याशी त्यांचे नाते ध्यानात येते. वाशीम येथे पद्मतीर्थ आहे, बालाजीच्या मंदिराजवळ देव तलाव आहे. कारंजा येथे ऋषी तलाव आहे. वाहून जाणारे पाणी थांबविल्यावाचून येथे मोठी वस्ती टिकत नाही, हे जुन्या लोकांनी ओळखले होते.

आजही प्रश्न तोच आहे. खरिपाचे पीक घरात आले आणि विहिरीत पाणी नसले, म्हणजे शेतात काम उरत नाही. मग काही कुटुंबे ऊसतोडीसाठी, तर काही शहरांत बांधकामावर मजुरीसाठी गाव सोडतात. त्यांच्यासोबत त्यांची मुलेही जातात व वर्गातील त्यांच्या जागा रिकाम्या पडतात. विहिरीत पाणी राहिले, तर त्याच शिवारात हरभरा पेरता येतो, रब्बीचे काम मिळते आणि मुलांची शाळा सुटत नाही.

म्हणून डोंगरउतारावर समतल चर खणणे, नाल्यांवर बांध घालणे, शेतात तळी करणे ही कामे या जिल्ह्यात फार मोलाची आहेत. पैनगंगेवरही बंधारे बांधून पाणी अडविण्यात आले आहे. अडविलेले सर्व पाणी काही कायमचे राहत नाही. त्यातील पुष्कळसे जमिनीत मुरून, विहिरींना भेट देऊन, सावकाश पुन्हा नदीला मिळते. समुद्रास जावयाचे ते पाणी जातेच. परंतु ज्या गावावर ते पडले, तेथे चार महिने अधिक मुक्काम करून मग ते पुढे निघते. वाशीमच्या शेतकऱ्यास पाण्याचा एवढाच मुक्काम हवा आहे.