आडनाव एक, पूर्वज अनेक

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेचा हजेरीपट घ्या. एकाच वर्गात दोन देशमुख, तीन पाटील सहज सापडतील. त्यांचा मूळपुरुष एकच असेल का? मुलांना पडणारा हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला घेण्याजोगा आहे.

आधी आडनावे कशी पडली ते पाहू. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही वतनांची नावे. पाटील तर गावोगावी होते. म्हणजे दोन गावांच्या पाटलांचे नाते केवळ आडनावावरून ठरत नाही. गावावरून पडलेली आडनावे थोडे अधिक सांगतात. मात्र संगमनेरात सगळेच संगमनेरचे. तिथे कोणाला संगमनेरकर म्हणून काय उपयोग? हे नाव गाव सोडल्यावरच कामाचे. वेगवेगळ्या काळी बाहेर पडलेली, एकमेकांशी नाते नसलेली घराणीही संगमनेरकर होऊ शकतात. अकोलकरांचे गाव आपल्या जिल्ह्यातले अकोले की विदर्भातले अकोला, हेही आडनाव सांगत नाही.

मग नाते तपासायचे कसे? आडनाव वडिलांकडून मुलाकडे जाते. 'वाय' गुणसूत्रही तसेच, जवळजवळ न बदलता जाते. इंग्लंडमध्ये ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाच्या ४८ पुरुषांची ही गुणसूत्रे तपासली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ४४ टक्के पुरुषांचा नमुना एकच निघाला. उरलेल्यांचा का नाही? दत्तकविधान, आईचे आडनाव लावणे, विवाहबाह्य संतती, अशी कारणे संभवतात. आपल्याकडेही दत्तकामुळे आडनाव चालू राहते. दत्तक भाऊबंदांतला नसेल तर गुणसूत्राची साखळी मात्र तुटते.

आता फळ्यावर एक हिशेब मांडू. आईवडील २, आजी-आजोबा ४, पणजी-पणजोबा ८. दहा पिढ्या मागे गेलो की पूर्वजांच्या जागा होतात १०२४. (आते-मामे नात्यांत लग्ने झाली असतील तर प्रत्यक्ष माणसे त्याहून कमी.) वडील, आजोबा, पणजोबा या सरळ रेषेत आडनाव ज्याच्याकडून आपल्यापर्यंत आले, तो त्यांतला फक्त एक! आडनावाचा माग काढणे म्हणजे १०२४ धाग्यांतला एकच धागा ओढणे. लग्नानंतर आडनाव बदलल्यामुळे आई, आजी, पणजी यांचे धागे कागदावर लवकर हरवतात.

एक धागा धरायचा तरी कागद हवेत. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, गावची जन्म-मृत्यूची नोंदवही आणि आपल्या शाळेचे जनरल रजिस्टर ही त्याची साधने. २०२३ मध्ये राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची जुनी दप्तरेही तपासली गेली. कपाटात वाळवी लागत असलेले एखादे रजिस्टर हा एखाद्या कुटुंबाचा एकमेव पुरावा असू शकतो. ते जपणे शिक्षकांच्या हाती आहे.

वर्गासाठी आम्ही एक उपक्रम सुचवतो. मुलांनी दोन्हीकडच्या तीन पिढ्यांची नावे व गावे घरी विचारून लिहावीत. आजीचे माहेरचे आडनाव आवर्जून विचारावे. जात विचारू नये, आणि माहिती नसेल तिथे जागा कोरी सोडू द्यावी. कोणत्या बाजूला जास्त जागा कोऱ्या राहिल्या आणि का, यावर मग वर्गात चर्चा घ्यावी.