बंदिस्त रुग्णालयातील आहारतज्ज्ञ

इंग्लंडमध्ये ब्रॉडमूर (स्थापना १८६३), रॅम्प्टन व ॲशवर्थ ही अतिसुरक्षित मनोरुग्णालये आहेत. हातून गंभीर गुन्हा घडलेल्या मनोरुग्णांना पुष्कळदा न्यायालयाच्या आदेशाने तेथे ठेवले जाते आणि हा मुक्काम कित्येक वर्षांचा असू शकतो. क्लोझापिनसारख्या औषधाने भ्रम ओसरतात. परंतु भूक भडकते, वजन वाढते, मधुमेहाचा धोका बळावतो. बद्धकोष्ठ तर क्वचित प्राणावर बेतते. अशा वेळी बिस्किटे व गोड पेये बंद करणे सोपे वाटेल. तथापि ज्याच्या दाराची किल्लीही दुसऱ्याच्या हाती असते, त्याच्याकडे काय खावे यासारखे मोजकेच निर्णय उरलेले असतात. म्हणून आहारतज्ज्ञ सहसा मनाईपेक्षा मन वळविण्यावर भर देतो. एखादा रुग्ण विषाच्या संशयाने ताटच नाकारतो. त्याच्यापुढे बंद वेष्टनातले अन्न ठेवून पाहावे लागते, आणि वेष्टन त्यालाच फोडू द्यावे लागते.